कळमन्यातल्या मोठ्या गोदामात मोबाइलची रेंज आणायची असेल तर

नागपूरच्या पूर्वेकडे कळमन्याच्या बाजार आवारात आणि त्याला लागून असलेल्या गोदामांच्या पट्ट्यात धान्य, मिरची, संत्री, कांदा-बटाटा यांचा व्यवहार आता मोबाइलवाचून पुढे सरकत नाही. मालाचा फोटो पाठवायचा, यूपीआयने पैसे आले का ते पाहायचे, ई-वे बिलासाठी आलेला ओटीपी सांगायचा, ट्रकवाल्याला कोणत्या दाराशी गाडी लावायची ते कळवायचे, हे सगळे फोनवर होते. आणि नेमका शेडच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या आत पाय ठेवला की फोन मुका होतो. अशा वेळी मालकाला मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : बूस्टर बसवून घ्या. छपरावर अँटेना, आत एक डबा, मध्ये वायर, आणि दोन तासांत काम फत्ते. माझे म्हणणे असे, की हा डबा विकत घेऊ नये. तो बेकायदा आहे, शेजाऱ्यांचे नुकसान करतो, आणि पुष्कळदा ज्या दुखण्यासाठी आणला ते दुखणेही बरे करत नाही. मोठ्या इमारतीत रेंज आणण्याचे कायदेशीर मार्ग आहेत, ते टिकतात, आणि त्यांतला पहिला मार्ग तर बहुतेक गोदाममालकांच्या आवाक्यातला आहे.

आधी दुखण्याचे कारण पाहू. मोबाइलच्या लहरी धातूच्या पत्र्यातून आरपार जात नाहीत, त्या परत फिरतात. पत्र्याच्या शेडमध्ये जी थोडी रेंज मिळते ती दारातून, हवेच्या झरोक्यांतून आणि उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांतून शिरलेली असते. कोल्ड स्टोरेजची गोष्ट याहून अवघड. तिथली पफ पॅनेलची भिंत म्हणजे पॉलियुरेथेन फोमच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्रा, आणि दारही त्याच बांधणीचे. दार लागले की आतला माणूस सहा बाजूंनी बंद केलेल्या धातूच्या पेटीत असतो. जुन्या काँक्रीटच्या, थर्मोकोल लावलेल्या खोल्यांत सळ्या आणि जाड भिंती तेच काम थोड्या कमी प्रमाणात करतात. त्यात माल भरलेला. संत्री आणि बटाटे यांत पाणीच पाणी, आणि पाणी लहरी शोषून घेते. म्हणून रिकाम्या गोदामात घेतलेली चाचणी हंगामात खोटी ठरते. बाजारातल्या नव्या कार्यालयांत उन्हापासून बचावासाठी धातूचा लेप दिलेली काच बसवतात, तीही २० ते ३० डेसिबल सहज खाते. १० डेसिबल म्हणजे दहापट घट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट, हा हिशेब लक्षात ठेवला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

म्हणून पैसे काढण्याआधी मोजमाप करावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमची स्थिती दिसते आणि तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली असते. आकडा उणे असतो : उणे ८० उत्तम, उणे ९५ ते १०० चालण्यासारखे, उणे ११० ला बोलणे तुटायला लागते, आणि उणे १२० म्हणजे रेंज नाहीच. दारासमोर मोकळ्यावर, दाराच्या आत दहा पावलांवर, गोदामाच्या मध्यावर आणि मागच्या कोपऱ्यात, अशा चार-पाच जागी जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल या प्रत्येक सिमचा आकडा कागदावर मांडावा. बाहेर उणे ८० आणि आत उणे १२० असेल तर दोष भिंतीचा. बाहेरच उणे ११२ असेल तर दोष टॉवरच्या अंतराचा किंवा दिशेचा, आणि ती तक्रार कंपनीकडे न्यायची. तिसरी शक्यता लोक विसरतात. आकडा उणे ८५, पट्ट्या भरलेल्या, तरी लिलावाच्या सकाळी पैसे जात नाहीत. तेव्हा रेंज कमी नसते, टॉवरवर गर्दी झालेली असते. संत्र्यांच्या हंगामात शेतकरी, अडते, व्यापारी, हमाल, मापारी, गाडीवाले असे सगळे एकाच आवारात टॉवरच्या एकाच सेक्टरवर, म्हणजे एकाच दिशेच्या अँटेनांवर, बोलत असतात. बूस्टर त्या सेक्टरची क्षमता तसूभरही वाढवत नाही. आधीच गच्च भरलेल्या टॉवरवर तो आणखी फोन आणून जोडतो.

आता कायद्याचे. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडे तत्त्व असे, की रेडिओ उपकरण नुसते जवळ बाळगायलाही परवाना किंवा सरकारने दिलेली सूट लागते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. मोबाइल बूस्टरला अशी सूट नाही. दूरसंचार विभागाने २१ जानेवारी २०२२ रोजी ई-कॉमर्स कंपन्यांना सिग्नल अडवणारे जॅमर विकण्याबद्दल ताकीद दिली आणि १ जुलै २०२२ रोजी सर्वसामान्य लोकांसाठी सूचना काढली : परवानाधारक दूरसंचार कंपन्यांशिवाय इतर कोणीही मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. इंटरनेटवर बूस्टर बसवण्याची माहिती मुबलक सापडते, पण ती बरीचशी अमेरिकेतली असते. तिथे संघीय दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये नियम करून घरगुती बूस्टरला वाट दिली. मात्र अट अशी, की यंत्राने टॉवर जवळ असेल तर आपली ताकद आपोआप उतरवावी, बिघाड झाला तर स्वतः बंद पडावे, आणि ग्राहकाने आपल्या कंपनीकडे त्याची नोंद करावी. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने २०१८ मध्ये ठरावीक तांत्रिक कसोटीला उतरणाऱ्या यंत्रांना परवान्यातून सूट दिली. म्हणजे जिथे परवानगी आहे तिथेही ती वाटेल त्या डब्याला नाही. आपल्या बाजारात काही हजारांत मिळणाऱ्या डब्यात या स्वयंचलित संरक्षणाची खात्री कोण देणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : माझी इमारत, माझी वीज, माझ्या सिमचे पैसे मी भरतो, मग माझ्या भिंतीच्या आत मी आवाज मोठा केला तर दुसऱ्याचे काय बिघडते? बिघडते, आणि किती ते मोजता येते. बूस्टर दोन्ही दिशांनी काम करतो. टॉवरचा आवाज आत आणतो तसा आतल्या फोनचा आवाज बाहेर फेकतो, आणि कोणी बोलत नसतानाही तो रिकामा गोंगाट फेकतच असतो. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निसर्गतः असलेला गोंगाट सुमारे उणे १०४ डीबीएम असतो. ७० डेसिबल वाढ देणारे यंत्र तो गोंगाट उचलते, त्यात स्वतःचा ६ डेसिबल मिसळते आणि छपरावरच्या अँटेनाकडे उणे २८ डीबीएमचा गोंगाट पाठवते. टॉवर २०० मीटरवर समोरासमोर असेल, पट्टा ९०० मेगाहर्ट्झचा असेल, तर दोन्ही अँटेनांची वाढ वजा करून वाटेत फार तर ५५ डेसिबल कमी होतात. टॉवरवर पोचतो उणे ८३. टॉवरच्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट मात्र उणे १०१ च्या आसपास असतो. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे साठपट. हा हिशेब पूर्ण ताकदीने चालणाऱ्या आणि सरळ दृष्टीच्या रेषेतल्या यंत्राचा आहे हे खरे, पण कळमन्यासारख्या सपाट आणि दाट भागात उंच शेडच्या छपरावरून टॉवर सरळ दिसणे हे काही अपवादाने घडत नाही. या गोंगाटात बुडतो तो दूरच्या वस्तीतला फोन, ज्याचा आवाज टॉवरपर्यंत जेमतेम पोचत होता. एका गोदामाची सोय झाली आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा रुग्णवाहिकेसाठी केलेला फोन लागेनासा झाला, असा हा सौदा आहे. शिवाय स्वस्त बूस्टर सगळ्या कंपन्यांचे पट्टे एकदम वाढवतात, म्हणून त्रास एकाच कंपनीपुरता राहत नाही.

दुसरा धोका खुद्द मालकाचा. छपरावरची आणि आतली अँटेना एकमेकींना ‘ऐकू’ लागली तर यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा वाढवत सुटते. हे टाळायला दोन अँटेनांमधले विलगीकरण यंत्राच्या वाढीपेक्षा निदान १५ डेसिबलने जास्त असावे लागते, म्हणजे ७० च्या यंत्राला ८५. उघड्या दारांच्या शेडमध्ये ते मिळणे कठीण. मग कंपनीच्या नियंत्रण केंद्रात त्या सेक्टरवर गोंगाट दिसतो, कंपनी दूरसंचार विभागाकडे तक्रार करते, आणि दिशादर्शक अँटेना घेऊन शोधणारी माणसे उगम शोधत दारापर्यंत येतात. विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंगचे केंद्र नागपुरातच आहे. ‘सगळ्यांनीच लावले आहेत’ हे उत्तर त्या वेळी कामाला येत नाही.

मग करायचे काय? सिग्नल हवेतून आत ढकलण्याऐवजी तो तारेने आत न्यायचा आणि आत वायफायवर फोन करायचे. वायफाय कॉलिंग एअरटेलने २०१९ च्या अखेरीस, जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केले, व्हीआयनेही महाराष्ट्रात ते दिले आहे. फोनच्या सेटिंगमध्ये एक खटका चालू करावा लागतो, नंबर तोच राहतो, समोरच्याला फरक कळत नाही. बीएसएनएलचे सिम असेल तर आपल्या सर्कलमध्ये ही सोय चालू आहे का ते आधी विचारून घ्यावे. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे ठरवून दिलेले पट्टे मर्यादित ताकदीत परवान्याशिवाय वापरता येतात, ५ गिगाहर्ट्झची मोठी सूट २०१८ मध्ये मिळाली. म्हणजे इथे कायद्याची अडचण नाही. एका कॉलला साधारण १०० किलोबिट प्रति सेकंदाइतकी जागा लागते, त्यामुळे फायबरचे अगदी साधे कनेक्शनही वीस-पंचवीस कॉल सहज ओढते. ज्या गल्लीत फायबर पोचलेले नाही तिथे कंपनीच्या एअरफायबरसारख्या सेवेचा बाहेरचा युनिट छपराशी बसवून घेता येतो. तो ५जी सिग्नल मोकळ्यावर पकडतो आणि तारेने आत इंटरनेट देतो. दिसायला ही मांडणी बूस्टरसारखीच, पण तो कंपनीने नोंदवलेला ग्राहकाचा टर्मिनल आहे. गोंगाट वाढवून फेकणारे यंत्र तो नव्हे.

या कामात चुका होतात त्या बारीक गोष्टींत. इथरनेटची तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची, आणि कळमन्यातली कित्येक गोदामे कार्यालयापासून मागच्या भिंतीपर्यंत त्याहून लांब भरतात. तिथे मध्ये फायबर टाकून दुसऱ्या टोकाला स्विच ठेवावा. अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत सोडणारा डबा, छताच्या मध्यावर एकच बसवून चालत नाही. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या वाटा जशा जातात तसे ते वाटांच्या तोंडाशी, थप्पीच्या वर बसवावे आणि सगळ्यांना एकच नाव आणि पासवर्ड द्यावा, म्हणजे चालता चालता फोन एकावरून दुसऱ्यावर जातो. चाचणी भरलेल्या गोदामात घ्यावी. काट्याचा संगणक, सीसीटीव्ही आणि हिशेबाची यंत्रे एका जाळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन दुसऱ्या वेगळ्या जाळ्यावर. वीज गेली तर वायफाय गेले आणि त्याबरोबर फोनही गेला, म्हणून राउटर, स्विच आणि फायबरचा डबा हे सारे यूपीएसवर हवे. नागपूरच्या मे महिन्यात सावलीत पारा ४५ अंशांवर जातो, तापलेल्या पत्र्यालगत त्याहून कितीतरी जास्त. बाहेरचा युनिट पत्र्याला चिकटवू नये, वेगळ्या खांबावर, वारा खेळेल असा लावावा. विदर्भातल्या वळवाच्या पावसात वीज कोसळते, तेव्हा खांबाला नीट अर्थिंग आणि तारेला सर्ज संरक्षक लावायला टाळाटाळ नको.

कोल्ड स्टोरेजसाठी आणखी काही. घरगुती अ‍ॅक्सेस पॉइंट शून्य ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. थंड खोलीत बाहेरच्या वापरासाठी असलेले, उणे ४० पर्यंत चालणारे आणि पाणी न शिरणारे यंत्रच घ्यावे. पफ पॅनेलमधून तार नेताना पडलेले भोक फोमने आणि बाहेरच्या, उबदार बाजूने बाष्परोधक थराने बंद केले नाही तर दमट हवा शिरते, बर्फ धरते, आणि काही महिन्यांत पॅनेलच खराब होते. हे काम शीतगृहाच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, नेटवर्कवाल्याच्या भरवशावर सोडू नये. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : खोलीत अडकलेल्या माणसाच्या जिवासाठी मोबाइलवर विसंबू नका. अनेक शीतगृहांत अमोनिया वापरतात, गळती झाली तर सेकंद मोजावे लागतात. दार आतून उघडणारा दांडा आणि बॅटरीवर चालणारी तारेची घंटा प्रत्येक खोलीत असलीच पाहिजे. वायफायवरून लावलेल्या ११२ च्या कॉलमधून तुमचे ठिकाण अचूक कळेलच असेही नाही, म्हणून कार्यालयात एक लँडलाइन असावी आणि तिच्याजवळ गोदामाचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

वायफायच्या या मार्गावर रास्त आक्षेप असा, की हमालांच्या आणि गाडीवाल्यांच्या हातात साधे बटणाचे फोन असतात, त्यांत वायफाय कॉलिंग नसते. हे खरे आहे, आणि वायफायचा मार्ग इथे अपुरा पडतो. ज्या गोदामात चार-दोन माणसेच आत काम करतात तिथे एक-दोन वायफाय फोन सामाईक ठेवून भागते. ओटीपीच्या एसएमएसचेही तपासून घ्यावे लागते. बऱ्याच हँडसेटवर तो वायफायवरून येतो, पण प्रत्येक कंपनीच्या सिमवर विमानप्रवासाचा मोड चालू करून, फक्त वायफाय सुरू ठेवून प्रयोग केल्याशिवाय त्यावर व्यवहार टांगू नये. मात्र जिथे रोज शेकडो अनोळखी माणसे येतात, म्हणजे लिलावगृह, मोठे कोल्ड स्टोरेज, बहुमजली व्यापारी संकुल, तिथे पासवर्ड वाटत बसणे शक्य नाही. तिथे दुसरा मार्ग : कंपनीचे स्वतःचे इन-बिल्डिंग सोल्यूशन.

यात कंपनी इमारतीत आपले छोटे बेस स्टेशन बसवते आणि तारांनी, छतावरच्या लहान अँटेनांनी सेवा सर्वत्र पोचवते. यामुळे रेंज येते आणि क्षमताही नवी येते, गर्दीच्या दुखण्यावर इलाज होतो तो इथेच. सामान निवडताना पाहावे ते असे : अर्ध्या इंचाच्या कोअ‍ॅक्स तारेत १०० मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर सुमारे ७ डेसिबल जातात, ३५०० वर त्याच्या दुप्पट. जुने स्प्लिटर आणि अँटेना २७०० मेगाहर्ट्झपर्यंतच काम देतात आणि ५जीचा ३३०० चा पट्टा त्यांतून नीट जात नाही. आज बसवायचे तर ३८०० मेगाहर्ट्झपर्यंतचे सामान मागावे. लहरींची भीती वाटणाऱ्यांना सांगायला हवे, की रेंज नसलेल्या जागी तुमचा फोन कानाजवळ आपली पूर्ण ताकद, सुमारे २०० मिलिवॉट, लावून ओरडत असतो. छतावरची अँटेना जवळ आली की तो आपला आवाज पुष्कळ खाली आणतो.

करार करताना मुंबईच्या मेट्रो ३ कडे पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हा स्थानकांत मोबाइल सेवा नव्हती. मेट्रो महामंडळाने एका त्रयस्थ कंपनीला आतले जाळे उभारायला दिले होते आणि दूरसंचार कंपन्यांना तिचे दर मान्य नव्हते. वाद जाहीर झाला आणि गैरसोय प्रवाशांच्या वाट्याला आली. कळमन्यातल्या संकुलाच्या मालकाने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. कोणा एका कंपनीला किंवा मध्यस्थाला मक्तेदारी देऊ नये. सर्व कंपन्यांना समान अटींवर प्रवेश, यंत्रखोलीची जागा, विजेचे वेगळे मीटर, रात्रीअपरात्री दुरुस्तीला येण्याची मुभा, हे करारात लिहावे, आणि मध्यस्थ असेल तर आधी निदान दोन मोबाइल कंपन्यांची लेखी संमती मागावी. भाड्याचा लोभ धरला तर कंपनी येत नाही.

‘आमच्यासाठी कंपनी कशाला येईल?’ हा शेवटचा आणि सर्वांत दुखरा प्रश्न. एकट्या गोदामासाठी बहुधा येणार नाही. पण शेजारच्या दहा-पंधरा गोदामांनी एकत्र अर्ज केला, सोबत वर सांगितलेला डीबीएमचा तक्ता, रोजच्या वर्दळीचा अंदाज आणि फुकट जागेची तयारी जोडली, तर तो धंद्याचा प्रस्ताव होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) सेवा-गुणवत्तेच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. नकाशात आपला भाग रंगवलेला आणि मोकळ्यावरचा आपला आकडा उणे ११५ असेल, तर ती विसंगती तक्रारीत लिहावी. तक्रार आधी कंपनीच्या केंद्राकडे, तिचा डॉकेट क्रमांक जपून ठेवावा, समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे. त्याला शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे त्यानंतरची पायरी दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाची.

नवी शेड बांधणाऱ्याला तर हे सगळे फार स्वस्तात पडते. टॉवर ज्या बाजूला आहे त्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात आणि छतात पारदर्शक फायबरचे पत्रे थोडे जास्त घालावे, पाया भरतानाच रस्त्यापासून कार्यालयापर्यंत आणि कार्यालयापासून मागच्या टोकापर्यंत दोन रिकामे पाइप टाकावे, यंत्रांसाठी हवेशीर कोपरा राखावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले. ते सक्तीचे नाहीत, पण गोदाम भाड्याने द्यायचे असेल तर भाडेकरू उद्या हाच प्रश्न विचारणार आहे. वास्तुविशारदाच्या नकाशावर विजेच्या आणि पाण्याच्या रेषांशेजारी ही तिसरी रेष आजच काढून घ्यावी.